आधी वाच, मग अंगठा

झमकूबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी उजव्या हाताचा अंगठा मुठीत दाबून धरला होता. लहान पोरगं गुळाचा खडा लपवतं, तसा. ग्रामपंचायतीची मासिक सभा संपली होती, निदान मला तरी तसं वाटत होतं. चहा झाला होता, सरपंच मोटरसायकलची किल्ली बोटावर फिरवत उभे होते आणि मला दारव्ह्याची जीप गाठायची होती. मी शाईचं पॅड बाईंपुढे सरकवलं आणि म्हटलं, "इथं अंगठा करा."

"आधी वाच," त्या म्हणाल्या.

"काय वाचू?"

"लिवलं ते."

"सभेत बोलणं झालं तेच लिहिलंय हो बाई."

"बोलणं झालं ते मी आयकलं. लिवलं ते कुठी आयकलं? कागदाले तोंड नसते, सायेब. ज्याच्या हाती पडला त्याच्या तोंडानं बोलते."

मी वाचलं. कपाळाला आठ्या घालून, भराभर. वाचून झाल्यावर पॅड पुन्हा पुढे सरकवलं, पण मूठ काही उघडेना. "आता सावकाश वाच." सावकाश वाचलं. "आता थांबत थांबत वाच." या तिसऱ्या खेपेला मी एक वाक्य वाचायचं आणि बाईंनी ते मोठ्यानं गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, म्हणायचं असा कार्यक्रम सुरू झाला. पथदिवे, नळाचा व्हॉल्व्ह, शाळेचं गळकं छप्पर, सगळं त्या बोलीत ऐकलं. मग मूठ उघडली. बाईंनी अंगठा नीट टेकवला, उरलेली शाई टेबलाच्या पायाला आतल्या बाजूनं पुसली आणि पदर सावरून निघून गेल्या. माझी जीप केव्हाच गेली होती. त्या दिवशी मी या बाईला मनातल्या मनात काय काय म्हटलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

गावाचं नाव मी सांगणार नाही. दारव्ह्याहून बोरी अरबकडे जाताना आत वळलं की लागतं, एवढं पुरे. माणसं अजून तिथंच राहतात. गावापासून दोनेक किलोमीटरवर तांडा, आणि त्या तांड्याच्या सदस्य म्हणजे झमकूबाई. साठीच्या पुढच्या. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. तांड्यात त्यांना सगळे याडी म्हणत, म्हणजे आई. मी ग्रामसेवक. आता आमच्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात; लोक मात्र ग्रामसेवकच म्हणतात आणि कामही तेच आहे. आमचं घराणं दारव्ह्यातलं, तीन पिढ्या कारकुनीतल्या. कागदाला पाय लागला तर वाकून नमस्कार करायचा, हे मला बोलता येण्याआधी शिकवलं होतं. पण तो कागद समोरच्याला वाचून दाखवायचा असतो, हे आमच्या घरात कुणी सांगितलं नव्हतं.

आता एक गोष्ट कबूल करतो. आमच्या धंद्यात एक वाईट सवय आहे. सभेचं इतिवृत्त, म्हणजे कोणते विषय आले आणि काय ठराव झाले ते, जागच्या जागी लिहून सह्या घ्यायच्या असतात. पण सदस्य कुठं थांबतात? कुणाचं सोयाबीन मळणीवर असतं, कुणाला आठवडी बाजार गाठायचा असतो. मग आम्ही पानाच्या तळाशी सह्या घेऊन ठेवतो आणि वरचं पान सवडीनं भरतो. सह्या आधी, ठराव मग. गावातल्या दुसऱ्या दोन बाया सदस्य होत्या, त्यांचे तर नवरेच येऊन सही ठोकून जात. अडत होतं ते फक्त झमकूबाईंपाशी. त्यांच्यासाठी मला पान भरून, तीनदा वाचून, गोरबोली ऐकून मगच घरी जाता येई.

एकदा वैतागून मी म्हणालो, "अहो, एका अंगठ्यासाठी एवढं?"

"अंगठा हाये बापू, बैलाचा खूर नाही. कुठीबी उमटवाले." मग म्हणाल्या, "माह्या मालकाचा अंगठा असाच घेतला होता कोणीतरी. वावर गेलं. तो मरेपर्यंत अंगठ्याकडे पाहत राह्यला."

त्या दिवसापासून मी आठ्या घालणं सोडलं. पुढं पुढं तर मजाही वाटू लागली. तिसऱ्या वाचनाला मी मुद्दाम अवघड शब्द मोठ्यानं म्हणायचो. "तांत्रिक मान्यता!" बाई डोळे बारीक करायच्या. "म्हणजे काय, ते आधी माणसाच्या भाषेत सांग." मला ते माणसाच्या भाषेत सांगता येत नसे, आणि तेव्हा कळे की मलाही ते कळलेलं नाही. संध्याकाळी त्या हाच सगळा ठराव तांड्याच्या देवळापुढच्या ओट्यावर बसून, शब्दन् शब्द तसाच, बायामाणसांना सांगत. त्यांच्या तांड्यावर कुठला दिवा केव्हा लागणार, हे शाळेतल्या पोरांनाही पाठ होतं. गावात मात्र सरपंचाच्या शेजाऱ्यालाही ते माहीत नसे.

तीन वर्षं अशी गेली. टेबलाचा तो पाय आतून जांभळा झाला.

मग तो सोमवार आला. नऊ सदस्यांपैकी पाचच आले होते. पाच म्हणजे काठावर. एक उठला की सभा मोडली. विषय बोलून झाले होते, मी लिहायला बसणार तोच बाहेर जीपचा हॉर्न वाजायला लागला. झमकूबाईंच्या सुनेला दारव्ह्याच्या दवाखान्यात नेत होते. पोर आडवं होतं. बाई उठल्याच.

"अंगठा देऊन जा," मी म्हणालो. "नाहीतर सभा रद्द होईल. आजच्यात तुमच्या तांड्याची पाइपलाइन आहे."

"लिवलं कुठी हाये?"

"मी लिहितो. तुम्ही आलात की तीनदा वाचतो. माझ्यावर विश्वास नाही का?"

बाहेर हॉर्न. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुह्यावर हाये," म्हणाल्या आणि मूठ उघडली. कोऱ्या पानाच्या तळाशी अंगठा उमटला. शाई पुसायलाही त्या थांबल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सरपंच कार्यालयात आले. दिनकरराव म्हणू त्यांना. तोंडानं गोड माणूस. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "इतिवृत्त लिवलं नसंन तं एक विषय घ्याचा राह्यला पाहा. शेवटी ऐनवेळचे विषय असतेच ना? त्याच्यात टाका. तांड्याच्या विहिरीजवळचं गायरान, गिट्टीच्या मशीनसाठी, पंचायतीची हरकत नाही. सगळ्याइले इचारलं हाये मी. तांड्यालेबी."

ऐनवेळचे विषय! आमच्या कारभारातलं हे सगळ्यात मोठं पोतं. त्यात काहीही मावतं. गिट्टीची मशीन म्हणजे दगड फोडायचा कारखाना, आणि दगड काढायचा तर सुरुंग आलाच. आणि त्या विहिरीवर चाळीस घरं पाणी भरत होती. मला हे ठाऊक होतं. पण माझी बदली दारव्ह्याजवळ व्हावी म्हणून मी दिनकररावांकडूनच चार शब्द टाकून घेतले होते. मी लिहिलं. सुरेख अक्षरात लिहिलं. एकही खाडाखोड झाली नाही.

चार दिवसांनी बाई पेढे घेऊन आल्या. नात झाली होती, दोघी सुखरूप. आनंदात वाचनाची आठवण त्यांना राहिली नाही. मला होती. मी पेढा खाल्ला आणि गप्प बसलो.

दीडेक महिन्यानं तांड्यावर जेसीबी आला. माणसं आडवी झाली तेव्हा मशीनवाल्यानं मोबाइलवर ठरावाच्या नकलेचा फोटो दाखवला. खाली पाच नावं, आणि पाचव्या नावापुढं अंगठा. दुपारपर्यंत तो फोटो तांड्यातल्या प्रत्येक मोबाइलवर होता. याडीनं विहीर दिली. रोज ओट्यावर बसून सगळं सांगणारी याडी, तेवढंच सांगायला विसरली.

झमकूबाई त्याच दिवशी उन्हात चालत कार्यालयात आल्या. बसल्या नाहीत. "वाच."

मी वही काढली आणि वाचलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा थांबत थांबत वाचू लागलो, एका वाक्यानंतर थांबलो, गोरबोलीची वाट पाहिली. बाई काहीच बोलल्या नाहीत. मी पुढचं वाक्य वाचलं. पुन्हा काही नाही. संपूर्ण ठराव संपला आणि त्या खोलीत फक्त माझाच आवाज झालेला होता. इतका घाणेरडा वाटला मला तो आवाज, काय सांगू.

"हे मी कधी आयकलं?" त्यांनी विचारलं.

"नाही ऐकलं."

"मंग अंगठा कसा?"

मी खाली पाहिलं. वही मिटली. बाई दारापर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, "मालकाच्या वक्ताले तो माणूस अनोळखी होता."

तांड्यानं तक्रार केली. पंचायत समितीतून विस्तार अधिकारी गुरुवारी चौकशीला येणार असं पत्र आलं. बुधवारी सकाळी दिनकरराव माझ्या घरी आले, या वेळी खांद्यावर हात न ठेवता. "सरळ हाये, साहेब. बाईनं म्हणाचं, वाचून दाखवलं होतं, मी समजले नाही. विषय खतम. नाहीतं कोऱ्या पानावर सह्या घेतल्या म्हणून तुमी लटकता, मी नाही. माह्या हाती तं पेनबी नव्हता."

ते खरंच होतं. आणि आता जे सांगतो ते सांगताना अजून कान तापतात. मी तांड्यावर गेलो. बाईंना खोटं बोला म्हणायला.

विहिरीवर बायांची रांग होती. झमकूबाईंचा नंबर आला तर मागच्या पोरीनं आपली घागर पुढं केली. बाई बाजूला झाल्या. मग दुसरी पुढं गेली, तिसरी गेली. काल-परवापर्यंत ज्या बाईला वाट करून देत, तिच्या अंगावरून वारा जावा तशी माणसं जात होती. सगळ्यांचं भरून झाल्यावर बाईंनी दोर सोडला. मी तोवर लिंबाखाली उभा होतो, शहाण्यासारखा.

घरी नेऊन त्यांनी मला चहा दिला. सून ओसरीवर बाळ घेऊन बसली होती. मी गोल गोल बोलत राहिलो, नोकरी, बायको, घराचे हप्ते, म्हातारे वडील. त्या ऐकत होत्या. मग कप उचलत म्हणाल्या, "तू कायले आला, ते समजलं मले. आयक. वाचलं होतं, असं मी म्हणणार नाही. अन् तुह्या पोटावर मी माह्या हातानं पायबी देणार नाही. मले जे इचारतीन, तेवढंच सांगीन. बाकीचं ज्याचं त्यानं सांगाव."

"म्हणजे?"

"म्हणजे काय ते रातभर इचार कर," त्या म्हणाल्या. "तुले तीनदा सांगाची पाळी येऊ देऊ नको."

गुरुवारी कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. अर्धा तांडा खिडक्यांत उभा. विस्तार अधिकारी कडक माणूस, चष्मा पुसत बसले होते. सह्या करणारे चौघे पोपटासारखे बोलले: हो, विषय झाला, हो, मंजूर झाला. मग त्यांनी वही झमकूबाईंपुढे धरली.

"हा अंगठा तुमचाच आहे का?"

"माहाच."

खिडकीतून कुजबुज उठली. कुणीतरी गोरबोलीत शिवी हासडली. बाईंची मान हलली नाही.

"जबरदस्तीनं घेतला?"

"नाही. मी देल्ला."

दिनकररावांनी सुटकेचा निःश्वास टाकला तो मला ऐकू आला. बाई तिथंच संपल्या होत्या. आता यापुढं तांड्यात त्यांना कुणी याडी म्हणणार नव्हतं. अधिकाऱ्यांनी पेन उचललं. "ठराव तुम्हाला वाचून दाखवला होता?"

बाईंनी वही अधिकाऱ्यांकडे परत सरकवली. मग म्हणाल्या, "सायेब, मले वाचता येत नाही. ज्याले वाचता येते, त्याले इचारा."

अधिकारी माझ्याकडे वळले. सगळी खिडकी माझ्याकडे वळली. बाईंनी मात्र माझ्याकडे पाहिलं नाही. त्या समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होत्या. पाहिलं असतं, डोळ्यांनी काही मागितलं असतं, तर कदाचित मी चिडून खोटं बोललो असतो. माझा तसा स्वभाव आहे. मी खाली पाहिलं. टेबलाचा पाय दिसला. तीन वर्षांची जांभळी शाई, एकावर एक पुसलेली. त्या सोमवारची तेवढी तिथं नव्हती.

"नाही वाचला," मी म्हणालो. "वाचायला काही नव्हतंच. पान कोरं होतं."

"काय म्हणालात?"

"पान कोरं होतं, साहेब. त्या दिवशी पाच विषय झाले. हा सहावा झालाच नाही. मी दुसऱ्या दिवशी लिहिला."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

तेही सांगितलं. दिनकरराव उठून ओरडले, त्यांना खाली बसवावं लागलं. अधिकाऱ्यांनी माझा जबाब माझ्याच हातानं लिहून घेतला. त्या दिवशी मात्र दोनदा खाडाखोड झाली. बाहेर कुणीतरी माझे शब्द गोरबोलीत मागच्या लोकांना सांगत होतं. मग गर्दी हलली, आणि ज्या पोरीनं विहिरीवर घागर पुढं केली होती ती आत आली, बाईंच्या पायाशी बसली आणि हमसून रडायला लागली. "ऊठ वो," बाई म्हणाल्या. "कार्यालयात रडत नाहीत."

ठरावाला स्थगिती मिळाली, पुढं तो रद्दही झाला. जेसीबी आला तसा गेला. विहीर अजून आहे. दिनकररावांचं पुढं काय झालं ते मला नीट ठाऊक नाही आणि विचारायची इच्छाही झाली नाही.

माझं जे व्हायचं ते झालं. पुढच्या मासिक सभेच्या दिवशीच पंचायत समितीचा शिपाई बंद लिफाफा घेऊन आला. आत काय आहे ते मला माहीत होतं, खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. मला ते लवकर उरकायचं होतं. मी लिफाफा फोडला, कागदाची घडीसुद्धा पूर्ण उलगडली नाही, आणि शिपायानं पुढं केलेल्या पोचवहीवर सही करायला पेन टेकवलं.

माझ्या मनगटावर एक खरखरीत हात पडला.

"आधी वाच."

"झमकूबाई, जाऊ द्या ना. निलंबनाचा आदेश आहे. त्यात काय वाचायचं?"

"वाच."

मी वाचलं, भराभर. 'कर्तव्यात कसूर' हे शब्द तर नुसते उरकले. "आता सावकाश." सावकाश वाचलं. शिपाई तोंड आ करून पाहत होता. "आता थांबत थांबत." मी एक वाक्य वाचायचो आणि थांबायचो, आणि बाई ते वाक्य गोरबोलीत म्हणायच्या, मोठ्यानं, संध्याकाळी ओट्यावर सांगायचं असल्यासारख्या. त्यांचा आवाज कुठंही हलला नाही. माझ्या डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होतं आणि मी ते पुसतही नव्हतो.

शेवटी मी विचारलं, "याडी, तांड्याला काय सांगणार?" मी त्यांना याडी पहिल्यांदाच म्हणालो होतो.

"कागदात हाये तेच. तू कसूर केला, म्हणून तुले घरी बशवलं."

"एवढंच?"

"तू खरं बोलला, ते ह्या कागदात लिवलं नाही ना बापू. जे लिवलं नाही ते मी कसं वाचून सांगू?" त्यांनी हात माझ्या मनगटावरून काढला. "ते तांड्यानं आपल्या कानानं आयकलं हाये."

वर्षभरानं मी कामावर परत घेतला गेलो, दुसऱ्या तालुक्यात. तिथं माझ्या सभा लांबतात म्हणून सदस्य कुरकुर करतात. करोत बापडे. मागच्या पोळ्याच्या आठवड्यात झमकूबाई गेल्याचा फोन आला. केला होता त्यांच्या सुनेनं. ती आता त्यांच्या जागी सदस्य आहे. मला मात्र त्यांचा शेवट म्हणून दवाखाना, सरण असलं काही आठवत नाही. तो लिफाफ्याचा दिवसच आठवतो. हात काढून घेतल्यावर त्या माझ्याकडे पाहत म्हणाल्या होत्या, "आता कर सही."

मी सही केली. जुनं पेन, गळकं. अंगठ्याला शाई लागली. ती मी टेबलाच्या पायाला, आतल्या बाजूनं पुसली.